जुन्या आज्ञावल्या आणि हरवलेल्या दृश्य-फायली

१

जुनी आज्ञावली आजच्या संगणकावर सुरू करू पाहणाऱ्यास पुष्कळदा एकच अनुभव येतो. पडदा क्षणभर काळा होतो, एक ओळ उमटते आणि काम तेथेच थांबते. अमुक फाईल सापडत नाही, असे त्या ओळीत कधी लिहिलेले असते. ग्राफिक्स सुरू झालेले नाही, असे कधी लिहिलेले असते. त्यावरून आज्ञावली बिघडली, तिचे आयुष्य संपले, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. आज्ञावली जशीच्या तशी असते. पडद्यावर चित्र काढण्यासाठी ती ज्या दुसऱ्या फाईलवर विसंबून होती, ती फाईल मात्र तिच्या शेजारी उरलेली नसते. अशा फाईलला प्रस्तुत लेखात ‘दृश्य-फाईल’ असे म्हटले आहे.

या दृश्य-फायली आज्ञावलीपासून वेगळ्या का ठेवल्या गेल्या, त्या कशा हरवल्या आणि त्या परत बसवताना कोणता विवेक पाळावयास हवा, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. विषय वरवर पाहता तंत्रज्ञांचा आहे. तथापि गेल्या तीन-चार दशकांतील किती तरी प्रबंधांतले आलेख आणि आकृत्या अशाच आज्ञावल्यांनी काढलेल्या आहेत. त्या आज्ञावल्या चालत नसतील तर त्या आकृत्या पुन्हा पडताळून पाहता येत नाहीत. आणि जे पडताळून पाहता येत नाही त्यावर पुढचे संशोधन कितपत उभारावे, हा प्रश्न कोणत्याही अभ्यासशाखेला टाळता येणार नाही.

२

या इतिहासाचा आरंभ पडद्यांच्या विविधतेपासून करावा लागतो. आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला, तेव्हा त्याच्यासोबत चित्रे दाखविणारे जे कार्ड मिळे त्याचे नाव सीजीए. त्यावर ३२० गुणिले २०० बिंदूंत चार रंग, किंवा ६४० गुणिले २०० बिंदूंत एकरंगी चित्र मिळत असे. १९८२ मध्ये हर्क्युलिस कंपनीचे एकरंगी कार्ड आले. त्याचे बिंदू ७२० गुणिले ३४८. १९८४ मध्ये आयबीएमने ईजीए आणले, त्यात ६४० गुणिले ३५० बिंदू आणि १६ रंग मिळू लागले. १९८७ मध्ये व्हीजीए आले आणि ६४० गुणिले ४८० हे माप रूढ झाले. सहा वर्षांत चार रीती झाल्या, आणि प्रत्येकीत बिंदू उमटविण्याची यांत्रिक भाषा निराळी होती. एका कार्डासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या कार्डावर चालेलच, अशी शाश्वती उरली नाही.

बोरलँड कंपनीने या अडचणीवर १९८७ साली, टर्बो पास्कलच्या चौथ्या आवृत्तीबरोबर, एक उपाय पुढे केला. ‘बोरलँड ग्राफिक्स इंटरफेस’, संक्षेपाने बीजीआय, हे त्याचे नाव. पुढे टर्बो सी आणि टर्बो सी++ यांतही तो आला. त्यामागील कल्पना साधी होती. रेघ काढ, वर्तुळ काढ, अक्षर लिही, एवढेच आज्ञावलीने सांगावे. ते अमुक कार्डावर कसे उमटवायचे याचे ज्ञान एका स्वतंत्र लहान फाईलमध्ये असावे. सीजीएसाठी एक फाईल, हर्क्युलिससाठी एक, ईजीए आणि व्हीजीए या दोहोंसाठी मिळून एक, अशा या ड्रायव्हर-फायली झाल्या. ‘ईजीएव्हीजीए.बीजीआय’ ही त्यांतील सर्वांत परिचित फाईल; तिचा आकार जेमतेम साडेपाच किलोबाइट. अक्षरांचीही अशीच व्यवस्था केलेली होती. रेषांनी बांधलेल्या मोठ्या टंकांच्या फायली ‘सीएचआर’ या उपनामाच्या असत, आणि आज्ञावलीला ज्या टंकाची गरज पडे तोच स्मृतीत आणला जाई.

ही विभागणी दूरदर्शी होती असेच म्हणावे लागेल. ज्या यंत्रात मुळातच ६४० किलोबाइट स्मृतीची मर्यादा होती, तेथे सर्व कार्डांचे ज्ञान प्रत्येक आज्ञावलीत कोंबणे परवडणारे नव्हते. परंतु याच काटकसरीत पुढील अडचणीचे बीज होते. आज्ञावली यापुढे एका फाईलमध्ये संपूर्ण राहिली नाही. तिचा एक भाग दुसरीकडे होता, आणि तो कोठे आहे हे लिहिणाऱ्याने आधीच सांगून ठेवावे लागे. सर्वसाधारणपणे तो पत्ता ‘सी’ ड्राइव्हवरील ‘टीसी’ डिरेक्टरीतील ‘बीजीआय’ ही उप-डिरेक्टरी असा असे. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर तो खराच होता. आज्ञावली मात्र फ्लॉपीवरून दुसऱ्या यंत्रावर गेली की पत्ता तसाच राही आणि पत्त्यावरची फाईल मागे राही.

यावर तोडगाही बोरलँडने त्याच वेळी दिला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. ‘बीजीआयओबीजे’ या साधनाने ड्रायव्हर-फाईलचे रूपांतर करून ती आज्ञावलीतच कायमची जोडून टाकता येई. ज्यांनी ते केले त्यांच्या आज्ञावल्यांत ड्रायव्हर हरवण्याचा प्रश्न उद्भवतच नाही. परंतु शिकविताना, घाईने लिहिताना, किंवा फक्त आपल्यापुरते लिहिताना हे कोण करतो? आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत, महाराष्ट्रातही, १९९१ सालची टर्बो सी++ ची तिसरी आवृत्ती एकविसाव्या शतकातही दीर्घकाळ शिकविली गेली. त्या पिढीच्या विद्यार्थ्यांना ‘ईजीएव्हीजीए’ हे नाव ज्या त्रासामुळे पाठ झाले, त्याचे मूळ या ठिकाणी आहे.

३

या प्रसंगी पडद्यावर उमटणारे वाक्य भाषेच्या अभ्यासकाने जरा थांबून वाचावे असे आहे. त्याचा आशय असा: बीजीआयची चूक, ग्राफिक्स सुरू केलेले नाही, ‘इनिटग्राफ’ वापरा. वाचणारा गोंधळतो. आज्ञावलीत ‘इनिटग्राफ’ ही आज्ञा तर पहिल्याच ओळीत दिलेली असते. मग पुन्हा तीच देण्याचा सल्ला कशासाठी?

घडते ते असे. ‘इनिटग्राफ’ ही आज्ञा दिलेल्या पत्त्यावर ड्रायव्हर-फाईल शोधते. तेथे न मिळाल्यास चालू डिरेक्टरीत शोधते. दोन्हीकडे न मिळाल्यास ती उणे ३ हा अंक मागे ठेवते आणि गप्प राहते. या अंकाचा अर्थ ‘ड्रायव्हर-फाईल सापडली नाही’ असा निश्चित ठरलेला आहे; परंतु तो कळण्यासाठी आज्ञावलीने ‘ग्राफरिझल्ट’ या दुसऱ्या आज्ञेने तशी विचारणा करावी लागते. अनेकांनी ती केलेली नसते. आज्ञावली तशीच पुढे जाते, पहिली रेघ काढावयास सांगते, आणि तेव्हा कोठे यंत्रणा बोलते. म्हणजे खरे कारण मौनात राहते आणि त्याचा परिणाम मोठ्याने सांगितला जातो. वाक्य खोटे नाही. ग्राफिक्स सुरू झालेले नसते हे खरेच आहे. पण बोलणाऱ्याला ठाऊक असलेली आधीची घटना ऐकणाऱ्याला ठाऊक नाही, आणि वाक्य ती सुचवीतही नाही. अशा वाक्यांचा शब्दार्थ घेऊन उपाय करू गेल्यास माणूस नको तेथे दुरुस्ती करीत बसतो. म्हणून पहिला नियम असा की, चुकीच्या संदेशाकडे निदान म्हणून न पाहता लक्षण म्हणून पाहावे.

४

विंडोज प्रणाली आल्यावर ही विभागणी अधिक व्यापक झाली. अनेक आज्ञावल्यांनी मिळून वापरावयाच्या फायली, म्हणजे डीएलएल, ही त्या प्रणालीची पायाभूत कल्पना होती. त्यामुळे दृश्य-फाईल आता एका आज्ञावलीच्या मालकीची राहिली नाही. ती प्रणालीच्या सामाईक घरात राहू लागली. आणि सामाईक घराची फेररचना झाली की त्यातील जुने सामान कोणाला न विचारता बाहेर जाते.

याचे एक ठळक उदाहरण ‘डी३डीआरएम.डीएलएल’ या फाईलचे आहे. १९९२ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या रेंडरमॉर्फिक्स या लहान कंपनीने त्रिमित चित्रे काढण्याचे एक साधन तयार केले होते. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये ती कंपनी घेतली, आणि १९९६ पासून ‘डायरेक्ट३डी’ या नावाने ते तंत्र विंडोजमध्ये आले. त्याच्या दोन पद्धती होत्या. एकीत आज्ञावलीने सारे दृश्य प्रणालीच्या स्वाधीन करावयाचे आणि ते सांभाळण्याचे काम प्रणालीने करावयाचे. दुसरीत प्रत्येक चित्र आज्ञावलीने स्वतः उभे करावयाचे. पहिलीला ‘रिटेन्ड मोड’ म्हणत, आणि वरील फाईल तिची होय. काळाच्या ओघात दुसरी पद्धत टिकली, पहिली मागे पडली. विंडोज एक्सपीपर्यंत ही फाईल प्रणालीसोबत येत असे. २००७ साली सर्वांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टामधून ती काढून टाकण्यात आली. १९९७ सालचा ‘लेगो आयलँड’ हा मुलांचा खेळ तिच्यावर अवलंबून होता. त्यामुळे तो आणि त्याच्यासारख्या इतर आज्ञावल्या नव्या यंत्रांवर एकाएकी मुक्या झाल्या. त्या आज्ञावल्यांत एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता.

दुसरे उदाहरण याच्या उलट प्रकारचे आहे. डायरेक्टएक्सच्या नवव्या आवृत्तीसोबत ‘डी३डीएक्स’ नावाचा साहाय्यक संच असे. आरंभी तो आज्ञावलीतच जोडला जाई. फेब्रुवारी २००५ पासून तो स्वतंत्र डीएलएल झाला आणि त्याच्या प्रत्येक सुधारलेल्या रूपाला नवा क्रमांक मिळू लागला: २४, २५, २६, असे करीत जून २०१० मध्ये ४३ पर्यंत. या वीसही फायली एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. नंतरची फाईल आधीचीची जागा घेत नाही. विंडोजच्या पुढील आवृत्त्यांबरोबर त्या आपोआप येत नाहीत. म्हणून नव्या यंत्रावर डायरेक्टएक्सची बारावी आवृत्ती असूनही जुनी आज्ञावली नवव्या आवृत्तीची फाईल मागते, आणि ‘बारा असताना नऊ कशाला?’ असा प्रश्न पडतो. बाराच्या पोटात नऊ येतात, हा अंकगणितातील नियम येथे लागू नाही. मायक्रोसॉफ्टने जून २०१० च्या पुनर्वितरण-संचात या सर्व फायली एकत्र दिल्या आहेत. तो संच बसविणे हाच तेथे योग्य उपाय. क्रमांक ४३ च्या फाईलचे नाव बदलून तिला २४ म्हणविणे हा उपाय नव्हे. नावाने दार उघडते, पण आत गेल्यावर अपेक्षित काम तिला येतेच असे नाही.

नावांचाच विषय निघाला आहे तर आणखी एक विसंगती सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे पुष्कळांचे तास वाया गेले आहेत. ६४-बिट विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ या फोल्डरात ६४-बिट फायली राहतात, आणि ३२-बिट फायली ‘सिसवॉव६४’ या फोल्डरात. जुन्या नावावर विसंबलेल्या आज्ञावल्या मोडू नयेत म्हणून नाव टिकवले गेले आणि त्याचा अर्थ तेवढा बदलला. भाषेत हे नित्य घडते. शब्द राहतो आणि वस्तू पालटते. परंतु जुनी ३२-बिट दृश्य-फाईल जो नावावरून ‘सिस्टिम३२’ मध्ये टाकील, त्याची आज्ञावली ती कधीच पाहणार नाही.

५

आता एक प्रत्यक्ष प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक संशोधक विद्यार्थी नव्वदीच्या दशकातील एका प्रबंधाची आज्ञावली घेऊन माझ्याकडे आला. मराठीच्या एका बोलीतील स्वरांच्या पहिल्या व दुसऱ्या फॉर्मंटची मापे साध्या मजकूर-फाईलमधून वाचून ती स्वरालेखावर मांडणारी, टर्बो सी मध्ये लिहिलेली ती लहानशी आज्ञावली होती. मापांची फाईल शाबूत होती. आज्ञावली चालत नव्हती. विद्यार्थ्याने ती मृत समजून नवी लिहिली होती, आणि नव्या आलेखात दोन स्वरांमधील अंतर छापील प्रबंधातील अंतराशी जुळत नव्हते. पूर्वीच्या संशोधकाने आकृती ‘सजवली’ असावी, अशी शंका तो दबक्या आवाजात बोलून दाखवीत होता. शंका गंभीर होती. ज्यांच्याविषयी ती होती ते आता खुलासा करण्यास हयात नव्हते.

आम्ही मूळ आज्ञावलीकडे परत गेलो. ती १६-बिट असल्यामुळे ६४-बिट विंडोजवर मुळातच चालणे शक्य नव्हते. म्हणून २००२ पासून उपलब्ध असलेल्या डॉसबॉक्स या साधनात ती उघडली. वर वर्णिलेला संदेश आला. आज्ञावलीची फाईल हेक्स-दर्शकात पाहता, कोणत्या डिरेक्टरीत ड्रायव्हर शोधला जात आहे तो पत्ता अक्षरशः वाचता आला. डॉसबॉक्समध्ये एक फोल्डर ‘सी’ ड्राइव्ह म्हणून जोडले, त्यात त्याच पत्त्याप्रमाणे डिरेक्टऱ्या केल्या आणि त्या काळच्या टर्बो सी च्या मूळ संचातील ड्रायव्हर-फाईल तेथे ठेवली. आलेख उमटला.

मात्र अक्षरे लहान, चौकोनी आणि एकमेकांवर चढलेली होती. छापील आकृतीत ती तशी नव्हती. टंकाची सीएचआर फाईल नसेल तर बीजीआय थांबत नाही. उणे ८ हा अंक मनाशी ठेवून आठ गुणिले आठ बिंदूंच्या मूळ टंकातच लिहीत राहते. ही दुसरी उणीव पहिलीपेक्षा अधिक फसवी होती, कारण तिने कोणताच संदेश दिला नाही. टंक-फाईल ठेवल्यावर पडद्यावरील चित्र आणि छापील आकृती तंतोतंत जुळली. आणि तेव्हाच अक्षांवरील खुणांची अंतरे नीट वाचता येऊन ध्यानात आले की मूळ मोजपट्टी लॉगॅरिदमी होती. विद्यार्थ्याची सरळ होती. प्रबंधाच्या मजकुरात ही गोष्ट लिहावयाची राहून गेलेली होती. दोष एवढाच होता. साडेपाच किलोबाइटच्या एका फाईलवाचून एका प्रामाणिक संशोधकावर अप्रामाणिकपणाचा शिक्का बसण्याच्या बेतात होता.

६

या प्रसंगातून जो विवेक हाती लागतो तो पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला नवा वाटू नये. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत शतकानुशतके सुरक्षित राहिल्या. अक्षर न् अक्षर जागेवर होते, परंतु पंथाबाहेरच्या वाचकापाशी किल्ली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ली अभ्यासकांच्या हाती आली आणि तेच अक्षर बोलू लागले. पोथी बदलावी लागली नाही. जुन्या आज्ञावलीच्या बाबतीतही पहिला प्रयत्न तिच्याभोवतीची हरवलेली परिस्थिती परत उभी करण्याचा असावा. तिचा पाठ बदलणे किंवा ती नव्याने लिहिणे हा शेवटचा उपाय होय. नव्याने लिहिताना लिहिणाऱ्याचे गृहीतक नकळत आत शिरते, आणि मूळ गृहीतक कोणते होते हे सांगणारा एकमेव साक्षीदार आपण बाजूस सारलेला असतो.

व्यवहारात याची पथ्ये थोडी आहेत. प्रथम मूळ संचाची प्रत करून मूळ बाजूस ठेवावे. नंतर कोणती फाईल, कोणत्या पत्त्यावर, कितव्या आवृत्तीची आणि किती बिटांची हवी, हे ठरवावे. ती शक्यतो आज्ञावलीच्या मूळ संचातून, नाहीतर तिच्या निर्मात्याच्या अधिकृत पुनर्वितरण-संचातून घ्यावी. अनोळखी ठिकाणाहून सुटी डीएलएल उतरवून घेणे म्हणजे पोथीचे हरवलेले पान बाजारात विकत घेण्यासारखे आहे, आणि त्या पानासोबत यंत्राला अपाय करणारी लिखावटही येऊ शकते. विंडोजवरील फाईल प्रणालीच्या फोल्डरात न टाकता आज्ञावलीच्याच फोल्डरात ठेवणे सामान्यतः श्रेयस्कर. प्रणाली प्रथम तेथेच पाहते, आणि इतर आज्ञावल्यांना धक्का लागत नाही. एक फाईल मिळाली की दुसरीची मागणी पुढे येऊ शकते, म्हणून पहिल्या यशावर थांबू नये. आणि चित्र दिसू लागल्यावरही ते जुन्या छापील आकृतीशी ताडून पाहावे, कारण मुकी उणीव संदेश देत नाही.

शेवटी एक कर्तव्य आपल्या पिढीचे आहे. आज आपण ज्या आज्ञावल्या लिहितो त्याही एकट्या नसतात. त्यांच्यामागे टंक, साहाय्यक संच आणि त्यांच्या आवृत्त्या यांचा गोतावळा असतो. प्रबंधासोबत आज्ञावली जमा करताना तिच्यासोबत त्या सर्वांची यादी आणि शक्य असेल तेथे त्या फायलीही जमा करण्याची प्रथा विभागांनी पाडावी. त्याला एखादे पान पुरते. वर सांगितलेल्या प्रबंधात तसे एक पान असते, तर त्या विद्यार्थ्याचे काही महिने वाचले असते, आणि एका दिवंगत अभ्यासकाच्या नावाला काही काळ का होईना जो डाग लागला, तो लागला नसता. त्या प्रबंधाच्या प्रतीत आम्ही आता ते पान लिहून ठेवले आहे.